दोन मीटर आणि माझी सही

विमलाबाईंनी पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढा एक पंप काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, याच्यानं चारशे युनिट जळते का? तुमीच सांगा."

आदल्या दिवशी दुपारी आमच्या लाइनमननं त्यांची लाइन कापली होती. बिल तीन महिन्यांपासून थकलेलं, नोटीस गेलेली, कागदावर सगळं बरोबर. मी तेव्हा वीज कंपनीच्या भनपुरीच्या झोन ऑफिसात ज्युनिअर इंजिनिअर होते. थकबाकीवाल्यांची लाइन कापायची यादी माझ्याच सहीनं निघायची.

"हा पंप कशाचा?" मी विचारलं.

"आमच्या यायच्या गादीचा."

'यायच्या' म्हणजे नवऱ्याच्या. तो ट्रकमधून पोती उतरवताना पडला होता. कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यातल्या नर्सनं कुठूनतरी हवेची गादी मिळवून दिली होती. तिच्या नळ्या पंपानं आळीपाळीनं भरतात आणि रिकाम्या होतात, म्हणून पडून राहणाऱ्याच्या पाठीला जखमा होत नाहीत. लाइन गेली आणि गादी चपटी झाली. कालपासून बाई दर दोन तासांनी नवऱ्याला कुशीवर वळवत होत्या. पोहा मिलमधली पाळी बुडाली होती. आता नवऱ्याजवळ शेजारच्या म्हातारीला बसवून त्या आल्या होत्या.

त्यांचं कनेक्शन एकल बत्तीचं, म्हणजे गरीब घराला मिळणारं. थोडे युनिट माफ असतात, पुढचे मोजले जातात. पंप दिवसभर चालला तरी एका बल्बइतकीही वीज खात नाही. मग चारशे युनिट? आमच्या ऑफिसात याचा एकच अर्थ काढत. बाईनं कुणाला तरी वायर दिली असेल. खरं सांगते, मलाही तेच वाटलं.

"किस्त बांधून देऊ का?" मी म्हणाले. थकबाकी हप्त्यांनी भरायची, वाद मिटवायचा तो सोपा रस्ता होता.

"किस्त कायची, मॅडम? जे जाळलंच नाही त्याची?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी एकदा येऊन पाहून घ्या. मंग जे म्हणसान ते."

लाइनमन साहूला घेऊन मी गेले. एका खोलीत एक पंखा, दोन बल्ब. फ्रिज नाही, टीव्ही नाही. कुठे चोरून ओढलेली वायर नाही. नवरा कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानं वळून पाहायचा प्रयत्न केला, आणि मग नुसते हात जोडले. मला तिथे फार वेळ उभं राहवेना.

बाहेर सामाईक भिंतीवर एकाच फळीवर दोन मीटर होते. एक विमलाबाईंचा, दुसरा शेजारच्या वर्माजींचा. वर्माजींचं घर पक्कं, वर तीन भाडेकरू. मी साहूला विचारलं, "काल काही गडबड झाली होती का?"

साहू कचरला. "हव मैडम. मीटर नंबर देखकर काटा, तो वर्माजी के घर की बत्ती चली गई. वो चिल्लाने लगे. मैंने सोचा, गलत काट दिया. उसे जोड़ा, फिर दूसरा काटा."

साहूनं पहिल्यांदा चुकीची वायर कापलीच नव्हती. नंबर बरोबर होता. अंधार मात्र भलत्या घरात झाला होता.

"बाईंची लाइन जोड," मी म्हणाले. रजिस्टरमध्ये लिहिलं, टेस्टिंगसाठी. तेवढा अधिकार मला होता. आत बाईंनी पंप पुन्हा गादीला जोडला आणि तो घुरघुरायला लागला.

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वापरली की तो लुकलुकतो, जास्त वापरली की भराभर. मी बाईंच्या घराचा मेन स्विच मिनिटभर बंद करायला लावला. त्यांच्या मीटरचा दिवा थांबायला हवा होता. तो चालूच राहिला. मग वर्माजींना पाण्याची मोटर लावायला सांगितली. बाईंच्या मीटरचा दिवा वेड्यासारखा पळायला लागला.

याला आम्ही मीटर क्रॉस म्हणतो. मीटरमधून घराकडे जाणाऱ्या वायरी अदलाबदल झालेल्या. वर्माजींचे कूलर, मोटर, भाडेकरू, सगळं बाईंच्या नावावर. आणि बाईंचा पंखा वर्माजींच्या.

"मला काय माहीत?" वर्माजी हिंदीत म्हणाले. नसेलही माहीत. मी वाद घातला नाही.

ऑफिसात येऊन फाइल काढली. दोन्ही मीटर एकाच दिवशी बदलले होते, ठेकेदाराच्या माणसांनी. रिपोर्टवर छापलेलं वाक्य होतं, 'जागेवर जाऊन तपासले.' खाली सही माझी. त्या दिवशी असे पुष्कळ रिपोर्ट आले होते. मी खुर्चीवरून उठलेही नव्हते.

आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर नागपूरकडचे, स्वभावानं चांगले. रिपोर्ट पाहून त्यांनी चष्मा काढला.

"काहून लफड्यात पडून राहिल्या, मॅडम? वायरी सरळ करून टाका. बाईचं बिल अर्धं करू, किस्त बांधू. ते बी खुश, आपण बी."

"अर्धं बिल तरी त्यांचं कुठे आहे, सर?"

"अन् तुमची सही? चौकशी तुमच्यावर येईन."

"येऊ द्या."

एवढं म्हणायला मी शूर नव्हते. पण त्या माणसाचे जोडलेले हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मी जे घडलं ते लिहून दिलं. वायरी त्याच दिवशी सरळ झाल्या. विमलाबाईंचं बिल मीटर बदलल्याच्या तारखेपासून नव्यानं बनलं आणि थकबाकी गेली. फरक वर्माजींच्या खात्यावर चढला. तो त्यांनी कुरकुरत, किस्तींमध्ये भरला. साहूला काही झालं नाही. मला मेमो मिळाला आणि एक वर्षाची वेतनवाढ थांबली.

एका दिवसाच्या चपट्या गादीनं विमलाबाईंच्या नवऱ्याच्या पाठीला जखम झालीच होती. ती भरायला पावसाळा उजाडला. तिची दुरुस्ती कुठल्याच बिलात करता येत नाही.

पुढे रिटायर होईपर्यंत मी एक सवय ठेवली. जास्त बिलाची तक्रार आली, की आधी शेजारच्याचं बिल मागवायचं. ज्याचं बिल वाढतं तो काउंटरवर येतो. ज्याचं कमी होतं, तो कधीच येत नाही.