शुक्रवारी आमच्या घरी लागोस

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी आखातात, मनामा शहरातल्या एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट होतो. आमचा मॅनेजर इंग्रज. पश्चिम आफ्रिकेतल्या लागोस बंदरावर इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हा तो तिथे सरकारी नोकरीत होता. त्यामुळे ऑफिसात एसी बंद पडो की सिमेंट उशिरा येवो, "लागोसला असताना आम्ही..." अशी त्याची सुरुवात व्हायची.

मग खुद्द लागोसचाच एक इंजिनीअर आमच्याकडे रुजू झाला. मला फार आनंद झाला. मी पुण्याचा. इंग्रजांविरुद्ध बोलायची हौस दांडगी, पण मॅनेजरसमोर बोलायची सोय नव्हती. हा माणूस साहेबाला परस्पर सुनावेल, म्हणून मी दोघांनाही शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवायला बोलावलं.

"भांडण लावायला बोलावताय का?" बायकोने विचारलं.

"इतिहासावर चर्चा होईल."

"मग रस्सा जास्त करते," ती म्हणाली. ती कोल्हापूरची.

जेवताना मीच विषय काढला. इंग्रज लागोसला आले कसे? इंजिनीअरने शांतपणे सांगितलं. गुलामांचा व्यापार बंद करतो म्हणत त्यांची लढाऊ जहाजं आली आणि तोफांनी गाव पेटवलं. काही वर्षांनी राजापुढे कागद ठेवला आणि बंदर घशात घातलं. मी साहेबाकडे पाहिलं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाला आणि त्याने आणखी रस्सा वाढून घेतला.

गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्यांपैकी काही कुटुंबं पुढे लागोसला परतली. त्यांनी बांधलेल्या नक्षीदार सज्ज्यांच्या घरांची एक गल्ली होती. इंजिनीअर त्याच गल्लीत वाढलेला आणि साहेब तिथेच भाड्याने राहिलेला. हे कळल्यावर मला कोणी विचारेना. गल्लीच्या तोंडाशी वडे तळणारी बाई डाव्या हाताला बसायची की उजव्या, यावरून मात्र दोघांचे आवाज चढले.

"अहो, कसले वडे ते विचारा," बायको म्हणाली.

मी विचारून सांगितलं, "चवळीचे."

"मग त्यात काय? उसळीसाठी भिजत घातलीच आहे."

इंजिनीअर ताटावरून उठलाच. साल काढल्याशिवाय ते वडे होत नाहीत, असं सांगून त्याने मला आणि साहेबाला स्वयंपाकघरात जमिनीवर बसवलं. चवळी चोळता चोळता तो साहेबाला सहज म्हणाला, "तिथल्या तुमच्या इंग्रजांच्या क्लबात माझ्या वडिलांना आत येऊ देत नसत."

साहेबाचे हात थांबले. "नसत. आणि मी तिथे रोज जायचो."

मग इंजिनीअरने मूठभर चवळी त्याच्यापुढे सरकवली. "नीट सोला. काळा डोळा राहता कामा नये."

बायकोने वाटणात लसूण आणि हिरव्या मिरच्या घालून वडे तळले. "हे आमच्याकडचे नव्हेत," असं दर घासाला बजावत इंजिनीअरने ताटली रिकामी केली. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोही थांबला नाही.

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली, तेव्हा मी दाढी करत होतो. भिजवलेल्या चवळीची पिशवी घेऊन साहेब एकटाच दारात उभा. बायकोने त्याला परात दिली आणि मला म्हणाली, "आटपा लवकर. ते एकटेच सोलत बसलेत."