अर्ध्या इंचाचं भिंग

आमच्या दुर्बिणीला दोन आयपीस होते आणि दोन्ही कुचकामी होते. आयपीस म्हणजे डोळ्याकडचं भिंग. त्याचे इंच जितके कमी, तितकं चित्र मोठं. एक दीड इंचाचं, त्यातून सगळं बत्तीस पट दिसायचं. शनी तिळाएवढा, दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखा. दुसरं पाव इंचाचं, एकशेब्याण्णव पट. गिरण्यांचा धूर आणि तापलेल्या पत्र्यांची वाफ यांत त्यातून शनी असा थरथरायचा की डोळ्याला पाणी यायचं. आम्हाला मधलं हवं होतं, अर्ध्या इंचाचं.

आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. मी परळच्या एका गिरणीत फिटर, तेविशीतला. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, लालबागला आमच्या मागच्या चाळीत राहायचे. आमच्या चाळीतले पुष्कळ जण, माझी आईही, जातीपायी त्यांच्या चाळीचा जिना चढत नसत. मी रोज चढायचो. बोटीच्या खिडकीची जाड काच घासघासून आम्ही दोघांनी सात महिन्यांत सहा इंची आरसा केला होता. नळकांडं मी पत्र्याचं जोडलं होतं, चार फूट लांब.

गिरगावात एक म्हातारे चष्मेवाले मायक्रोस्कोप दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे अर्ध्या इंचाची भिंगं होती. पण त्यांनी सांगून ठेवलं, "दुर्बीण घेऊन या. पाय बघितल्याशिवाय चप्पल कोण देतो?"

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. दर दोन दिवसांनी कुठेतरी लाठी चालायची, कुठेतरी ट्राम पेटायची. मी नळकांडं खांद्यावर घेतलेलं बघून आई दारात आडवी आली.

"ह्या दिवसात खंय चललंस तां नळकांडां घेवन?"

"येतो गो दुपारपर्यंत," म्हटलं आणि निघालो.

ट्राम अर्ध्या वाटेत थांबली ती थांबलीच. पुढचं आम्ही चालत गेलो. रस्ताभर दगड आणि चपला पडल्या होत्या. एका दुकानाच्या पायरीवर रक्त होतं आणि त्यावर कोणीतरी राख टाकली होती. मी म्हटलं, "मास्तर, परत फिरू या." ते म्हणाले, "आता परत जाणंही तितकंच लांब आहे."

चष्मेवाल्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. रस्त्यावर गॅलरी, समोर सरळ लांब गल्ली. आम्ही गॅलरीच्या कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर नळकांडं टेकवलं. म्हाताऱ्यांनी दोन भिंगं काढली. एक मायक्रोस्कोपमधलं, दुसरं लढाईतल्या कुठल्याशा तोफेच्या दुर्बिणीतलं, पितळी आणि जड. आम्ही लांबच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची बटणं धरली. मायक्रोस्कोपच्या भिंगातून बटणं लख्ख दिसली, पण कुलपाच्या भोकातून बघितल्यासारखी, अन् पापणी काचेला घासायची. तोफेच्या भिंगातून कडेला थोडा जांभळा रंग फुटत होता, पण अख्खी छाती दिसत होती, शिवणीसकट.

"तूच ठरव," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात खालून आरोळी आली. "झालाच पाहिजे!" गल्लीच्या टोकाला, चारशे फुटांवर, घोळका आला होता. मी काही विचार न करता नळकांडं तिकडे वळवलं. आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकी खाली. भिंगात एक माणूस आला. तिशीचा, बारीक मिशा, सदऱ्याच्या बाहीवर शाईचे डाग. एवढा जवळ की त्याच्या कानामागे खोचलेली पेन्सिल दिसत होती. तो ओरडत नव्हता. दोन्ही हात पसरून मागच्या पोरांना थोपवत होता. हात रिकामे होते. बोटन् बोट दिसत होतं.

कापडाचा तागा टराटरा फाडावा तसा आवाज झाला.

तो माणूस वर पडला. उलट्या चित्रात तो वर गेला, आभाळाकडे पडल्यासारखा. मी नळकांडं हलवून परत त्याला शोधला. गळ्यातून रक्त उसळत होतं. तोंड उघडमीट करत होतं, काहीतरी मागत असल्यासारखं. भोवती कोणी उरलं नव्हतं. मी बघत राहिलो. किती वेळ, ते आजही सांगता येत नाही. तोंड उघडायचं थांबलं तेव्हा कळलं की मास्तर माझा दंड धरून ओढत आहेत.

"आत ये! पोलिसांनी नळकांडं बघितलंय!"

जिन्यावर बूट वाजले. चार-पाच शिपाई आणि एक अधिकारी. "बंदूक खाली टाक!" अधिकारी किंचाळला. "दुर्बीण आहे साहेब," मास्तर म्हणाले आणि दाखवायला त्यांनी हात पुढे केला. त्या हातावरच पहिली लाठी बसली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. दुसरी माझ्या कानावर बसली. मी पडलो. मग बरगड्या, पाठ, गुडघे. म्हातारे मध्ये पडले तर त्यांना कपाटावर ढकललं, काचा फुटल्या. एक शिपाई माझ्या पाठीत लाठी घालता घालता पुटपुटत होता, "कशाला आलात रे मरायला, घरी बसायचं नाय?" शेवटी अधिकाऱ्याने नळकांडं आडवं टाकून टाचेखाली चेपलं आणि आतला आरसा टाचेने फोडला. सात महिन्यांचं काम दोन लाथांत संपलं.

तीन दिवस कोठडीत काढले. मास्तरांचा उजवा हात भोपळ्यासारखा सुजला होता. हाडं पुढे जुळली, पण दोन बोटं कायमची वाकडी राहिली. त्यांना खडू धरता येईना. त्यांनी फळ्यावर डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली.

मी मास्तरांच्या चाळीच्या गच्चीवर जाणं सोडलं. मग एक दिवस मास्तर घरी आले आणि खिशातून रुमाल काढून उलगडला. तोफेचं भिंग.

"हे चांगलं होतं. घेऊन आलो."

माझं डोकं फिरलं. "दुसरं आणता आलं नाही? ह्याच्यातून मी काय बघितलं ठाऊक नाय तुम्हाला?" मी त्यांना ढकललं. ते वाकड्या हातावरच पडले आणि कळवळले. शिपायांनी आम्हाला जे केलं, तेच मी माझ्या माणसाला केलं होतं.

मास्तर बसते झाले. रागावले नाहीत. म्हणाले, "सरकार म्हणतंय, त्याच्या हातात दगड होता. तू हात बघितलेस. त्याच्या घरी सांगितलंस?"

पत्ता शोधायला वेळ लागला नाही. गिरगावात सगळ्यांना ठाऊक होता. छापखान्यात खिळे जुळवणारा, जुळारी होता तो. त्याची आईच घरी होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"आजी, तुमच्या मुलाच्या हातात काही नव्हतं. तो पोरांना मागे सारत होता. मी डोळ्यांनी बघितलं."

तिने मला खालीवर न्याहाळलं. "जवळ होतास तू?"

"होय," मी म्हणून गेलो.

"मग घोटभर पाणी पाजायचंस रे."

दुर्बिणीचं सांगायचं राहूनच गेलं. अख्खा रस्ता मध्ये होता, हे तिला कसं सांगणार होतो? मी खाली बसलो आणि रडलो. तिने थोड्या वेळाने आत जाऊन मला चहा आणून दिला. चौकशी झाली तर मी नाव देईन, एवढं सांगून निघालो. चौकशी झाली नाही. नंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी मी तिच्याकडे जात राहिलो, ती असेपर्यंत.

नवी काच मास्तरांनीच मिळवली. घासायचं काम आता मी एकट्याने करायचं आणि त्यांनी बाजूला बसून माप सांगायचं. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, दिवेलागण झाल्यावर, दोन्ही चाळींची माणसं मागच्या चाळीच्या गच्चीवर चढली. शनीचं कडं गोळ्यापासून सुटं दिसत होतं, मध्ये काळी फट. मास्तरांच्या बायकोने बघितलं आणि त्या म्हणाल्या, "खरंच आहे की हो!" माझ्यामागे आई पदर खोचून उभी होती. मी बाजूला झालो आणि तिला स्टुलावर चढवलं.