सुई कंपनीचीच

साठ सालच्या आसपास, बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये त्या बाई मला एकदाच भेटल्या. मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्या झंपराचे नमुने कापत होत्या. डब्यातली जी बाई मागेल तिला एक फुकट देत आणि बजावत, "एकटीजवळ ठेवू नको, शेजारणीलेही दे."

मूर्तिजापूरला एक तरुण बाई चढली आणि त्यांना पाहून हरखली. "जयभीम बाई! तुमच्याच शिवणवर्गात शिकली मी. तुमी सांगतलं तेच मशीन घेतलं." मग हळूच म्हणाली, "सुई तुटली. त्याले कंपनीचीच सुई लागते, अन् दुकानदार रोज 'उद्या ये' म्हणून राहिला. लोकायचे लग्नाचे कपडे अडकले."

बाईंनी पिशवीतली स्वतःची सुई काढून दिली. ती पाया पडायला वाकली, तसे त्यांनी पाय झटकन बाकाखाली ओढले.

पुढच्या स्टेशनावर ती आनंदानं उतरून गेली. बाईंचं तोंड मात्र पडलं होतं. मी म्हटलं, "किती जणींना तुम्ही पायावर उभं केलंत!"

"कंपनीच्या दारात उभं केलं," त्या म्हणाल्या. "नमुने फुकट देते मी, पण झंपर शिवल्या जाते कंपनीच्याच मशिनीवर. दुसरी सुई चालत नाही, हे मले वर्ग घेतानीच ठाऊक होतं. पोरीयले सांगतलं नाही."

"का?" मी विचारलं.

"वर्गाले मशिनी कंपनीनंच देल्या होत्या."

मला त्यांचं नाव विचारायचं होतं. पण एवढं बोलून मान खाली घातलेल्या माणसाला नाव विचारणं मला बरं वाटलं नाही.