टाकी पुरवून वापरायची

कप्तानांची बायको कशानं आजारी पडली असं कुणी विचारलं, की ते "किडनी" एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. खरं कारण त्यांच्या तोंडून निघत नाही. खरं कारण म्हणजे बोटीतल्या संडासाची टाकी. ऐकणाऱ्याला हसू येईल हे त्यांना ठाऊक आहे, आणि कुणी हसलंच तर आपण तिथल्या तिथे मटकन खाली बसू, हेही ठाऊक आहे. दिवसाआड तिला हॉस्पिटलात नेऊन मशीनला जोडावं लागतं. तिचं रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं, तोवर कप्तान बाहेरच्या बाकावर बसून त्या टाकीला शिव्या देतात. टाकीला काय कळतंय म्हणा! कळायला हवं होतं ते माणसाला.

कप्तान हे नाव चेष्टेचं. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला, इमारतींच्या पोटातल्या काळोख्या भोकांत, ग्रीसनं माखलेल्या तारांच्या संगतीत. निवृत्त झाल्यावर चार माणसं घरात पेपर वाचत बसतात. हे गृहस्थ तळ्यावर गेले आणि एक जुनी बोट घेऊन बसले. डोक्यावर उघडं आभाळ पाहिजे, बस, एवढंच त्यांचं म्हणणं. बोट तरी केवढी? खाली एक केबिन, तीत दोन बिछाने, एक शेगडी, आणि नीट उभं राहायला जावं तर टाळक्याला टेंगूळ. लेकीनं कपाळावर हात मारला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, बुडायचं तर एकटे बुडा, माझ्या ताईला कशाला नेताय?"

ताईनं मात्र कुरकुर केली नाही. ही ताई शाळेत शिवण शिकवायची, म्हणून तिला सगळे बाईच म्हणायचे, आणि निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. बाईंनी एकच अट घातली. "बोटीत संडास हवा. आपला स्वतःचा, आतून कडी लागणारा. बाकी मला काही नको." कप्तानांनी मोठ्या ऐटीत ते कपाटाएवढं दार उघडून दाखवलं, कडी तीनतीनदा लावून काढली. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या दाराला लगेच एक छोटा पडदा शिवला.

आता, बोटीतला संडास म्हणजे घरातला नव्हे. हातानं दांडा मारायचा, की तळ्यातलं पाणी आत येतं आणि सगळं मिळून बिछान्याखालच्या टाकीत जाऊन पडतं. म्हणजे रात्री आपण झोपतो ते नेमकं कशावर, याचा विचार न केलेला बरा. टाकी भरत आली की भिंतीवर लाल दिवा लागतो. मग बोट धक्क्याला लावायची, तिथला पंपवाला जाड नळी जोडतो आणि टाकी उपसून घेतो. पहिल्या वर्षी हे सगळं सुरळीत चाललं. कप्तान तर पंपवाल्याशी तास तास गप्पा मारत बसायचे, टाकी रिकामी झाली तरी उठायचे नाहीत.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो पंप बिघडला. आज दुरुस्त होतो, उद्या होतो, असं करत करत तो बिघडलेलाच राहिला. दुसरा पंप होता तो तळ्याच्या पार त्या टोकाला, जायला-यायला अख्खा दिवस. किनाऱ्यावर सार्वजनिक संडास होता, पण तिथवर जायला चढण, आणि बाईंच्या गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले होते. दुखणं कमी व्हायची गोळी घेतल्याशिवाय त्यांना बोटीची शिडीसुद्धा चढवत नसे.

इतर बोटवाल्यांनी सोपा मार्ग काढला. तळ्याच्या मध्यावर जायचं, इकडेतिकडे बघायचं आणि खालची झडप उघडायची. कप्तानांना हे कळलं तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. "अरे, गावंच्या गावं हे पाणी पितात!" असं ते धक्क्यावर उभं राहून ओरडले. खरंच होतं ते. त्यांच्या बोटीतून एक थेंबही तळ्यात गेला नाही. ज्यांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नव्हती अशा माणसांच्या पिण्याच्या पाण्याला ते जिवापाड जपले.

मग टाकी पुरवून वापरायची, एवढंच हातात राहिलं, आणि पुरवून वापरण्यात कप्तानांचा हात कोण धरणार? लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला तर दार लागत नाही. कुणीतरी उतरायचं, मग सगळे वर जातात. हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, न चिडता, शंभर वेळा. बोटीवरही तेच. एका वेळी दोनच दांडे मारायचे. कागद टाकीत टाकायचा नाही. वास आला तर व्हिनेगर, पाणी नाही. बाई आत असल्या की कप्तान बाहेरून कान देऊन असत, आणि तिसरा दांडा ऐकू आला की हाक मारत, "अगं, पुरे! टाकी आहे, समुद्र नाही." चेष्टेनंच म्हणत. बाई आतून "हो हो" म्हणत.

त्यातच मेहुणी राहायला आली. तिला दांड्याचं गणित सांगितलं तर ती खो खो हसली, आणि आत जाऊन सायकलच्या चाकात हवा भरावी तसा दांडा मारत सुटली. एका मुक्कामात लाल दिवा लागला, आणि टाकी उपसायला तळ्याच्या त्या टोकाला जावं लागलं. कप्तान तोंडानं काही बोलले नाहीत, पण मेहुणी जाईपर्यंत त्यांनी तोंड असं फुगवलं की जेवताना भाजी वाढा हेही हातानं सांगत. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहीण गेल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा नाही बोलवणार कुणाला. माझ्याकडून तर नाहीच नाही भरणार."

आणि खरंच, त्यानंतर दिवा लागेना. आठवडा गेला, वर आणखी दिवस गेले, दिवा आपला बंद. कप्तानांनी बल्ब काढून तपासला. बल्ब ठणठणीत. मग त्यांची छाती अशी फुगली की विचारू नका. आपली शिस्त, आपलं व्हिनेगर, आपले दोन दांडे! धक्क्यावर ही बातमी पसरली आणि बोटवाले सल्ला विचारायला येऊ लागले. कप्तान त्यांना समोर बसवून सगळं समजावून सांगायचे. बाई चहा करून द्यायच्या. कुणी म्हणालं, "बाई, तुम्हीपण घ्या की," तर म्हणायच्या, "माझा आत्ताच झाला." तो झालेला नसायचा. त्यांचे ओठ सोलवटले होते, चेहऱ्यावर कळा उरली नव्हती, दुपारी त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसत. कप्तानांना वाटलं, ऊन बाधतंय. त्यांनी वर एक छत बांधलं.

मग एक दिवस बाईंना थंडी वाजून ताप भरला, कमरेतून अशी कळ निघाली की त्या शिडीवरच बसून राहिल्या. कप्तान त्यांना घेऊन निघाले. हॉस्पिटलात रक्त घेतलं, फोटो काढले, आणि डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा पाहिले. मग त्यांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या रोज घेता? आणि पाणी किती पिता?"

"पिते की," बाई म्हणाल्या.

"किती?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "सकाळचा अर्धा कप चहा. गोळीबरोबर घोटभर. लागलीच तहान तर चूळ भरते."

"एवढंच? एवढ्या उन्हाळ्यात? का पण?"

"टाकी लहान आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. कप्तानांना मात्र सगळं कळलं, तिथल्या तिथे, आणि त्यांनी कॉटची दांडी घट्ट धरली. डॉक्टरीणबाईंना समजवायला बाई एकट्याच बोलत होत्या, अगदी साधेपणानं. "मला सवय आहे हो. शाळेत बायकांसाठी धड सोय नव्हती. होता त्या संडासाला कडी नव्हती. सगळ्या जणी तसंच करायच्या. घरून निघताना पाणी प्यायचं नाही, शाळा सुटेपर्यंत कळ काढायची. इतकी वर्षं काढली, काही झालं नाही." मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांना एवढं कौतुकानं सांगत होता. मला बरं वाटायचं."

मी तुला पाणी पिऊ नको म्हटलं होतं का, असं कप्तान एकदा म्हणाले. म्हटलं नव्हतंच. पण शब्द बाहेर पडताच त्यांना स्वतःची किळस आली आणि ते भिंतीकडे तोंड करून रडले, आवाज न करता, लिफ्टच्या भोकात एकटं काम करणाऱ्याला जमतं तसं.

कोंडून ठेवलेल्या लघवीतले जंतू वर किडनीपर्यंत चढले होते, गोळ्यांनी उरलंसुरलं जाळलं होतं. एक किडनी गेली, दुसरीनंही महिनाभरात मान टाकली. लेक म्हणाली, "बाबा, स्वतःला दोष देऊ नका." तिच्या आवाजातच दोष होता. बोट धक्क्यावर तशीच उभी आहे. धक्क्यावरचा पंप दुरुस्त झाल्याचं कळलं, तेव्हा कप्तानांनी फोन ठेवून दिला.

आता दोघं घरी असतात. घरातला संडास चांगला प्रशस्त आहे, दाबलं की धो धो पाणी येतं. बाईंना तिथे जावंच लागत नाही फारसं. शरीरातून लघवीच होत नाही, म्हणून पाणी मोजून द्यायचं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. त्यापलीकडे घोटभरही नाही. आणि बाईंना तहान लागते. औषधांनी म्हणा, मशीननं म्हणा, पण अशी तहान त्यांना जन्मात कधी लागली नव्हती. दुपारी त्या पडल्या पडल्या स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज ऐकत असतात.

"अहो," परवा त्या म्हणाल्या, "एक घोट द्या."

"आजचं संपलं गं."

"एकच."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"आता काय होतंय?" बाईंचा आवाज चढला. आजवर त्यांनी नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता. "आता कसली टाकी भरणार आहे? मी मागते तर द्या ना! द्या की हो!"

कप्तान हातात रिकामा ग्लास घेऊन उभे राहिले. द्यावं आणि होईल ते होवो, असं त्यांच्या मनात आलं. पण पाणी आता बाहेर पडत नव्हतं. जे आत जाईल ते आतच साठायचं, आधी पायांत, मग छातीत. हे त्यांना डॉक्टरांनी दोनदा समजावलं होतं, आणि खरं तर एकदा सांगूनही पुरलं असतं.

"नाही," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. कप्तानांनी ग्लास पालथा घातला, ते बाईंच्या पायाशी बसले आणि त्यांनी सुजलेल्या घोट्याजवळ बोट दाबून पाहिलं. बोट उचललं तरी खड्डा भरून आला नाही.