मीटरखालचा म्हातारा

आमच्या गल्लीत दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला एक बाई येते. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात वीज कंपनीचा मोबाइल. घराघरात शिरायचं, मीटरचं रीडिंग घ्यायचं, त्याचा फोटो काढायचा आणि पुढच्या दाराशी जायचं, हे तिचं काम. तो फोटो बिलावर छापून येतो, म्हणजे नंतर कुणाला वाद घालायला जागा राहत नाही. सगळे तिला मीटरबाई म्हणतात. नऊ वर्षं कंत्राटावर आहे. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी, मुलगी नर्सिंग शिकतेय आणि सासूबाई अशा की सुनेने आज चप्पल आधी कुठल्या पायात घातली तेही त्यांना कळायला हवं. हे सगळं तिने मला आमच्या जिन्यात बसून पाणी पिता पिता सांगितलंय.

दुसऱ्यांचं मात्र ती सांगत नाही. आकड्यांवरून तिला घरं कळतात. कुणाचा फ्रिज बंद पडलाय, कुणाचा मुलगा परत येऊन राहिलाय, सगळं. खोदून विचारलं तर हसते आणि उठते. एकदाच तिच्या तोंडून निसटलं. समोरच्या बंगल्याकडे बघत म्हणाली, "थंडीत ते मीटर दुप्पट पळतं, काकू. आणि खाली तो."

तो म्हणजे तिथला म्हातारा कुत्रा. बंगला टाइल्सच्या व्यापाऱ्याचा. मीटर मागच्या भिंतीवर, आणि त्याच भिंतीला दोन कुत्रे साखळीने बांधलेले. एक काळा, तरणाबांड. दुसरा तपकिरी, म्हातारा, मागचे पाय धरलेले. वर छप्पर नाही, खाली उघडं सिमेंट, पहाटेच्या दवाने ओलंचिंब. घरात खोलीखोलीत हीटर लावलेले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सारं दिसतं. दोन हिवाळे मी चहा ढवळत ते बघितलं.

एकटी मीच बघत होते असं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्या कुत्र्याच्या खोकल्याने झोप लागत नव्हती. शिकवणीवाले सर म्हणायचे, हा गुन्हा आहे, कलम आहे याला. माझी जाऊ वरच्या मजल्यावर राहते, ती तर डोळ्यांत पाणी आणायची. आणि हे सगळं आम्ही कुणाला सांगायचो, तर मीटरबाईला. टाइलवाल्याला नाही, कारण लग्नकार्यात एकमेकांची तोंडं बघावी लागतात, उद्या गाडी लावायला जागा लागते. ही बाई महिन्यातून एकदा त्या अंगणात जाते ना, मग तिनेच काय ते करावं. प्रत्येक दारात तिला तेच ऐकायला मिळायचं. आमची काळजी आम्ही तिच्या पिशवीत टाकायचो आणि दार लावून घ्यायचो. लाज वाटायला हवी होती, पण उलट आपण किती हळवे आहोत याचं समाधानच वाटायचं.

यंदा थंडी जरा जास्तच पडली. त्या महिन्यात मीटरबाईने बंगल्यातला फोटो काढताना नेहमीसारखा मोबाइल मीटरला टेकवला नाही. चार पावलं मागे सरकली. टाइलवाल्याचं बिल आलं आणि त्याच्या फाटकाच्या जाळीत खोचून ठेवलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी ते आधी पाहिलं आणि तासाभरात गल्लीला माहीत झालं. फोटोत वर कोपऱ्यात मीटर, आकडा नीट वाचता येत होता. बाकी सगळा म्हातारा. ओल्या सिमेंटवर अंगाचं मुटकुळं करून पडलेला, गळ्यात साखळी. आम्ही खूश. सर म्हणाले, बरी जिरवली.

टाइलवाला तडक वीज कंपनीच्या ऑफिसात गेला. चौथ्या दिवशी तिथून एक साहेब चौकशीला आले. बाई नियमाबाहेर वागली की तिथे खरंच काही सांगण्यासारखं होतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी दिवसभर क्लिनिकमध्ये असते. कलमं सांगणाऱ्या सरांना नेमका फोन आला. जाऊबाईंनी दारच उघडलं नाही. आणि मी, चाळीस वर्षं शाळेच्या कचेरीत टायपिंग करून 'वरील मजकूर खरा आहे' असे दाखले छापलेली बाई, मी म्हणाले, "खिडकी आहे तिकडे, पण मी फारसं बघत नाही." साहेबांनी लिहून घेतलं.

मीटरबाईला लेखी ताकीद मिळाली. आणखी एक तक्रार आली तर कंत्राट संपलं. टाइलवाल्याने अर्ज केला आणि आठ दिवसांत त्याचं मीटर पुढच्या फाटकाच्या खांबावर आलं. माझ्या जावेला साधं नादुरुस्त मीटर बदलून घ्यायला चार महिने लागले होते, ही आमची कंपनी. आता त्या अंगणात कुणी जाण्याचं कारणच उरलं नाही. कुत्रे जागच्या जागी. सर म्हणाले, चला, विषय मिटला. मला त्यांच्या गळ्यातला उबदार मफलर ओढून काढावासा वाटला, पण साहेबांपुढे कच खाल्लेली मी, माझ्याही गळ्यात शाल होतीच.

त्यानंतरच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, बेल वाजली. दारात मीटरबाई. पिशवी नाही, ओळखपत्र नाही. मी नजर चुकवत आत या म्हटलं. ती आत आली नाही.

"म्हातारा उठतो का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काल जेवायलाही उठला नाही.

"मग चला माझ्याबरोबर. आजवर ऑफिसची म्हणून आत जायचे, म्हणून बोलता येत नव्हतं. आता त्या अंगणात माझं कामच नाही. बोलायला मोकळी झाले. तुम्ही नुसत्या उभ्या राहा, काकू."

दुखऱ्या गुडघ्यांचं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि चपला घातल्या.

टाइलवाल्याने दार उघडलं तशी घरातली ऊब तोंडावर आली. तिला ओळखून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, ऑफिसला कळवतो म्हणाला. कळवा, ती म्हणाली, आज माझी सुट्टी आहे. मग आवाज न चढवता तिने सांगितलं की म्हातारा ही थंडी काढणार नाही, आणि तुमचं गॅरेज निम्मं रिकामं आहे.

तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय? गल्लीत कुणाची तक्रार नाही. या समोरच राहतात. विचारा यांना, यांना काही त्रास आहे का?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"आहे," मी म्हणाले. "दोन हिवाळे मी रोज बघतेय. हे वाईट आहे. त्याला आत घ्या."

त्याने खुंटीवरची गॅरेजची किल्ली काढली. मागच्या अंगणात मीटरबाईने दोघांच्या साखळ्या सोडल्या, म्हाताऱ्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उभं केलं, आणि पावलापावलाला थांबत तो आत गेला. काळा त्याच्या मागोमाग. टाइलवाल्याने कुठलंसं जुनं कार्पेट ओढून दिलं. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

निघताना तो मला म्हणाला, अगदी सरळ, जराही कुत्सितपणा नव्हता त्यात, "एवढंच होतं तर आधीच सांगायचं ना, काकू."