न पडलेल्या पावसाचं भांडण

दोन म्हाताऱ्यांचं भांडण होतं. त्यातला एक आज सकाळी गेला.

भिलाकाका. माझ्या आप्पांचे मिरचीच्या धंद्यातले पार्टनर. नात्याने कुणीच नाहीत. पण मला सायकल शिकवली त्यांनी, आणि मी पडले तेव्हा घरच्यांच्या आधी धावले तेही तेच.

नंदुरबारच्या बाहेर दोघांची एकच पथारी होती. बाहेरच्या मित्रांसाठी सांगते, पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. लांबून फार सुंदर दिसतं. लोक गाडी थांबवून फोटो काढतात, मग ठसका लागला की पळत सुटतात.

काका पोट धरून हसायचे. "काढी लिधा ना फोटो? आते पळ!"

तर भांडण.

एका हिवाळ्यात अर्धी वाळलेली मिरची पथारीवर, आणि आभाळ गच्च भरून आलं. आप्पांनी ताडपत्र्या काढल्या. काका आडवे उभे राहिले.

"हिरामण, झाकू नको. घाम फुटी तिले."

"आनि पानी वनं त मंग काय करशी?"

"येत नही पानी."

"तुले काय आभायनी फोन कया का?"

दोघेही हट्टी. शेवटी काय केलं असेल? अर्धा माल आप्पांनी झाकला, अर्धा काकांनी उघडा ठेवला. एकाच पथारीवर!

पाऊस आला नाही. एक थेंबसुद्धा नाही.

आभाळ निवळल्यावर ताडपत्र्या उचलल्या तर खालची मिरची काळी पडलेली, बुरशी आलेली. आणि उघडी होती ती? तीही मऊ पडली होती, डागाळली होती. सगळा हंगाम मातीत गेला.

काका म्हणाले, तुझ्या ताडपत्रीखालची बुरशी माझ्या मालाला लागली. आप्पा म्हणाले, तुझ्या उघड्या मालाची ओल माझ्या ताडपत्रीखाली शिरली.

पार्टनरशिप तुटली. पथारीच्या मधोमध काट्यांचं कुंपण पडलं. अलीकडे आप्पा, पलीकडे काका. पुढची कित्येक वर्षं रोज समोरासमोर, आणि बोलणं बंद.

देठ खुडणाऱ्या बायांची मात्र करमणूक. आप्पा त्यातल्या एकीला म्हणायचे, "तेले सांग, तेन्ही बकरी आठे येस." काका कुंपणाच्या पलीकडेच उभे असायचे, सगळं ऐकू जायचं. तरी ते त्या बाईकडूनच निरोप घ्यायचे आणि तिच्याकडूनच उत्तर पाठवायचे. काय म्हणायचं या माणसांना!

मी पुढे भूगोल शिकले. आता शहाद्याला शिकवते. एकदा वर्गासाठी मोबाईलवर वाऱ्यांचं ॲनिमेशन शोधत होते आणि एकदम डोक्यात ट्यूब पेटली.

आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा असतो, म्हणून तर मिरची वाळते. पण समुद्रावर लो प्रेशर तयार झालं की वारा फिरतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीचं टोक, आणि मधली तापीची दरी सुरतेकडे सताड उघडी. समुद्रावरची ओली हवा तिथून सरळ आत येते.

ती हवा वर उचलली गेली, गार झाली, तर पाऊस. पुरेशी नाही उचलली गेली तर नुसतं आभाळ भरतं, आणि ती जमिनीलगत बसून राहते. पाऊस नाही, पण हवा ओली. उघडी मिरची हवेतलं पाणी पिते, आणि झाकलेली स्वतःच्याच वाफेत शिजते.

म्हणजे त्या वर्षी झाकून काय आणि न झाकून काय, माल जाणारच होता.

मी पहिली एसटी पकडून नंदुरबारला काकांकडे गेले. मोबाईल दाखवला. त्यांनी ते ॲनिमेशन दोनदा लावायला सांगितलं.

"मंग कोन्हीच चूक नही?"

"कोन्हीच नही, काका."

"हाई तुन्हा बापले सांग."

आप्पांना सांगितलं. त्यांनीही बघितलं, मान हलवली. म्हणाले, "समजनं. आते तेले सांग, ये म्हना."

परत काकांकडे. "मी मोठा शे. तेनी येवाले पाहिजे."

परत आप्पांकडे. "आधी तो यी, मंग मी बोलसू."

घ्या! अख्खा अरबी समुद्र नंदुरबारपर्यंत येऊ शकतो, पण या दोघांना एक कुंपण ओलांडता येईना.

आणि प्रेम होतं हो. काका मला बाजारात भेटले की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारायचे, "तुन्हा बाप जेवस का बराबर?" काकांच्या पथारीवर ट्रक उशिरा आला की इकडे आप्पांचा जीव खालीवर व्हायचा. मला राग येतोय आज. दोघांचाही. रडून झालं तरी येतोय.

सकाळी फोन आला तेव्हा आप्पा चहा घेत होते. कप तसाच ठेवून चपला न घालता निघाले.

काकांच्या अंगणात गर्दी होती. लोकांनी आप्पांना वाट करून दिली. सगळ्यांना भांडण माहीत होतं. तोंडात पाणी घालायला आप्पांच्या हातात तुळशीचं पान दिलं. अर्धं पाणी काकांच्या गालावर सांडलं. ते त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसलं.

मग काकांच्या कानाशी वाकून म्हणाले,

"भिला, तूच बराबर व्हता. मीच चुकनू."

हे खरं नाही. कुणीच चुकलं नव्हतं. आप्पांना ते पक्कं ठाऊक आहे.



आता संध्याकाळी ओट्यावर बसलेत. जेवले नाहीत. मघाशी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आयकं व्हई का वं तेनी?"

मी फक्त ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं.

काका, तुमच्या या पोरीचा शेवटचा नमस्कार. या आता.