चार नंबरची बाटली

मालूताई कुणाकडेही गेल्या की आधी भाजीच्या टोपलीत डोकवायच्या. ठाण्याला नौपाड्यात आमच्या शेजारी राहायच्या, सन पन्नास-बावन्नच्या सुमारास. "लिंबू नाही? आवळा नाही? हिरड्या सांभाळा हो." माझ्या सासूबाई पुटपुटत, लग्नाच्या वयात ही उंदीर पाळते.

उंदीर कसले, गिनीपिग होते ते. कॉलेजात जागा नव्हती म्हणून मागच्या पडवीत आठ पिंजरे, प्रत्येकाखाली लघवीची बाटली. मी चौथी शिकलेली, पण मला त्यांनी सगळं समजावलं होतं. डाळी-दुधातल्या प्रथिनांत टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. क जीवनसत्त्व मिळालं नाही, स्कर्व्ही होऊन हिरड्या-सांधे सुजले, की शरीराला ते पुरतं पचत नाही आणि लघवी ठेवल्यावर काळी पडते. हेच त्या प्रबंधासाठी तपासत होत्या. शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच होती.

दुपारी कोंडा घालायला पडवीची किल्ली माझ्याकडे असे. हिरवं पान द्यायचं नाही, त्यात क जीवनसत्त्व असतं, एवढी एकच ताकीद.

सात बाटल्या काळ्या पडल्या, चौथी मात्र स्वच्छ. ताईंचे कॉलेजातले सर म्हणाले, तेवढा एक वगळ आणि लिहून टाक. ताई ऐकेनात. "बाटली खोटं कशाला बोलेल? आपलंच काहीतरी चुकलंय," हे त्यांचं नेहमीचं.

चुकलं होतं माझं. चार नंबरचा गिनीपिग पाय आखडून बसायचा, हात लावला की किंचाळायचा. मला बघवेना. रोज पदराआडून कोथिंबिरीच्या काड्या न्यायचे. तीन दिवसांनी ताईंना सांगून टाकलं.

ताई पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. किती काड्या, कधीपासून, दुसऱ्या कुणाला दिल्या का, एवढंच विचारलं. शेजारच्या पिंजऱ्यांत एखादी पडलीही असेल, मी म्हटलं. त्यांनी वहीत लिहिलं, "कोथिंबीर दिली गेली. प्रयोग बाद." माझं नाव नाही लिहिलं.

शिष्यवृत्ती संपली. ताई कल्याणच्या शाळेत शिकवू लागल्या आणि पगारातून नवे गिनीपिग आणले. त्या दिवशी किल्ली पुन्हा माझ्यापुढे. मी म्हटलं, ताई, आता दुसरं कुणी बघा.

"अगं सुमन, कोथिंबीर काय करते हे या आळीत तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

या वेळी आठही बाटल्या काळ्या पडल्या आणि गिनीपिगांना जीवनसत्त्व दिल्यावर स्वच्छ राहू लागल्या. प्रबंध पुरा झाला. ताईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोथिंबीर निवडून झाली की मी अजून आधी साबणाने हात धुते, मगच दुसऱ्या कामाला लागते.